सर्व्हर सुरू व्हायला वेळ का लागतो? टाइमआउट म्हणजे नेमकं काय?

२०२१ साली दहावीत असलेल्या कुणालाही १६ जुलै ही तारीख विचारा. त्या दिवशी दुपारी १ वाजता दहावीचा निकाल ऑनलाइन लागणार होता. कोरोनामुळे परीक्षा झालीच नव्हती, गुण शाळेतल्या मूल्यमापनावरून दिले होते, आणि राज्यभरातले सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी फोन हातात घेऊन बसले होते. एक वाजला आणि मंडळाच्या वेबसाइट्स कोलमडल्या. पुढचे कित्येक तास पैठण असो की पनवेल, सगळ्यांच्या स्क्रीनवर तेच गोल फिरणारं चक्र. कुणाला पांढरं पान दिसलं, कुणाला ५०३, कुणाला ५०४.

त्याआधी २८ एप्रिलला दुपारी ४ वाजता १८ वर्षांपुढच्यांसाठी लसीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा कोविन आणि आरोग्य सेतूवर सुरुवातीला हाच अनुभव आला होता. ओटीपी येईना, पान उघडेना. तरी त्या दिवसाअखेर एक कोटीहून जास्त लोकांची नोंदणी झाली. म्हणजे यंत्रणा मेलेली नव्हती, सुरुवातीला तिला झेपत नव्हतं.

अशा वेळी आपण सगळेच एकच वाक्य म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे." या तीन शब्दांमागे वेगवेगळ्या तीन-चार गोष्टी असू शकतात. खरंच बंद असलेला सर्व्हर, चालू होत असलेला सर्व्हर, चालू पण दबलेला सर्व्हर, आणि ठणठणीत असूनही दुसऱ्याने "हा मेला" असं ठरवून टाकलेला सर्व्हर. यातला शेवटचा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो. आजचा लेख बराचसा त्याच्यावर आहे.

आधी क्लस्टर म्हणजे काय ते बघू

मोठी वेबसाइट एका कॉम्प्युटरवर चालत नाही. मागे अनेक सर्व्हर एकत्र काम करत असतात, त्या गटाला क्लस्टर म्हणतात. सगळ्यात पुढे असतो लोड बॅलन्सर. नाथषष्ठीला पैठणला आला असाल तर दर्शनबारीच्या तोंडाशी उभा असलेला स्वयंसेवक आठवा. तो स्वतः दर्शन देत नाही, फक्त "तुम्ही या रांगेत, तुम्ही त्या रांगेत" एवढंच करतो. लोड बॅलन्सरचं कामही तेच. त्याच्या मागे ॲप सर्व्हर, म्हणजे तुमचा सीट नंबर घेऊन निकालाचं पान बनवणारे. त्यांच्या मागे कॅशे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी झटपट मेमरी. आणि सगळ्यात मागे डेटाबेस, जिथे खरी नोंद असते.

तुमची एक रिक्वेस्ट या सगळ्या थरांतून आत जाते आणि त्याच वाटेने परत येते. प्रत्येक थर पुढच्या थराची वाट बघतो. किती वेळ बघायची याचं प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं, आणि इथूनच भानगड सुरू होते.

सर्व्हर "सुरू होतो" तेव्हा आत काय चालतं?

फोन बंद करून चालू केला तरी अर्धा-एक मिनिट जातो, हे आपल्याला माहीत आहे. सर्व्हरचं थोडं जास्त असतं. आधी ऑपरेटिंग सिस्टम उठते. मग ॲप मेमरीत येतं, आपल्या सेटिंग्ज वाचतं, डेटाबेसशी जोडणी करतं. डेटाबेस जर मागच्या वेळी नीट बंद न होता अचानक बंद पडला असेल, तर तो उठल्यावर आपली वही तपासतो. कुठली नोंद अर्धवट राहिली, कुठली पूर्ण झाली, ते लावून घेतल्याशिवाय तो कुणाला आत घेत नाही. वही जितकी मोठी, तितका वेळ जास्त.

एवढं झाल्यावरही सर्व्हर पूर्ण वेगात नसतो. कॅशे रिकामी असते, त्यामुळे प्रत्येक प्रश्नासाठी डेटाबेसपर्यंत जावं लागतं. जावासारख्या भाषेत लिहिलेलं ॲप तर चालता चालता स्वतःला वेगवान करत जातं. सुरुवातीच्या काही मिनिटांत ते तेच काम पुष्कळ हळू करतं. थंडीत पहाटे चालू केलेल्या ट्रॅक्टरसारखं. इंजिन चालू आहे, पण लगेच नांगर जोडला तर दम टाकेल.

माझ्या घरी पैठणला तीन जुन्या मिनी पीसींचा एक छोटा क्लस्टर आहे, प्रयोगासाठी. एकावर डेटाबेस, दोनांवर ॲप. लाईट गेली आणि परत आली की तिघेही एकाच क्षणी उठतात. ॲपवाले दोघे वीस सेकंदांत तयार होतात आणि डेटाबेसचं दार ठोठावतात. डेटाबेस अजून वही तपासतोय. उत्तर मिळत नाही. ॲप म्हणतं, डेटाबेस नाही, मग मी तरी कशाला जिवंत राहू, आणि बंद पडतं. दीड-दोन मिनिटांनी डेटाबेस छान तयार होऊन बसतो, पण त्याला विचारायला कुणी उरलेलं नसतं. तिन्ही मशीन ठीक, एकही वायर तुटलेली नाही, आणि तरी साइट बंद! यावर उपाय साधा आहे. ॲपला शिकवायचं की डेटाबेस भेटला नाही तर मरू नकोस, थोडं थांब आणि पुन्हा विचार. "आधी डेटाबेस चालू कर, मग ॲप" अशी नुसती क्रमवारी लावून भागत नाही. कारण "चालू केला" आणि "तयार झाला" या दोन गोष्टींमध्ये ती दीड-दोन मिनिटं असतात. डॉकर कंपोज वापरणाऱ्यांना हा फरक लवकर कळतो. तिथे नुसतं "यावर अवलंबून" लिहिलं तर कंटेनर सुरू होण्यापुरतीच वाट बघितली जाते. तयार होईपर्यंत थांबायचं असेल तर हेल्थ चेक लिहून तशी अट वेगळी घालावी लागते.

टाइमआउट: घड्याळ कुणाचं?

टाइमआउट म्हणजे वाट बघण्याची मर्यादा. एवढ्या सेकंदांत उत्तर आलं नाही तर मी थांबणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. "काम झालं नाही" असा त्याचा अर्थ होत नाही. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे पैशांच्या बाबतीत लागणार आहे.

तुम्ही काकांना पत्र पाठवलं, आठ दिवसांत उत्तर आलं नाही. पत्र पोचलंच नाही? पोचलं पण काकांनी उत्तर लिहिलं नाही? की लिहिलं आणि ते वाटेत अडकलं? तुमच्या जागेवरून तिन्ही सारखंच दिसतं. नेटवर्कवर हेच होतं. पलीकडून आवाज आला नाही, एवढंच तुम्हाला कळतं.

काही नेहमीचे आकडे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मागच्या ॲपच्या उत्तरासाठी मुळात ६० सेकंद थांबतो, मग तुम्हाला ५०४ दाखवतो. लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा सिस्टमडी एखाद्या सेवेला तयार व्हायला सहसा ९० सेकंद देतो. तेवढ्यात झालं नाही तर तो ती सेवा अयशस्वी ठरवून बंद करतो. आता विचार करा, एखाद्या डेटाबेसला वही तपासायला १०० सेकंद लागतात. ९०व्या सेकंदाला सिस्टमडीने त्याला मारलं. पुन्हा सुरू केला. पुन्हा तपासणी पहिल्यापासून. पुन्हा ९०व्या सेकंदाला तेच. फक्त दहा सेकंद कमी पडली म्हणून तो कधीच उभा राहणार नाही.

जाता जाता त्या कोड्सचंही सांगून टाकतो. ५०२ म्हणजे मधल्या दारवानाला मागच्या सर्व्हरकडून काहीतरी भलतंच उत्तर आलं किंवा दारच उघडलं नाही. ५०३ म्हणजे सर्व्हर स्वतः सांगतोय की सध्या जमणार नाही, नंतर या. ५०४ म्हणजे दारवान वाट बघून कंटाळला. तिघांपैकी ५०३ सगळ्यात प्रामाणिक. निदान समोरून कुणीतरी उत्तर तरी दिलं.

कालव्याचं पाणी आणि घाईचा पहारेकरी

वरचा ९० सेकंदांचा किस्सा आमच्या भागातल्या माणसाला लगेच कळतो, कारण आमच्याकडे जायकवाडी आहे. पैठणच्या धरणातून दोन कालवे निघतात. डावा २०८ किलोमीटर लांब, जालना जिल्ह्यातून पार परभणीकडे जाणारा, आणि उजवा १३२ किलोमीटर, बीड जिल्ह्यात माजलगावकडे जाणारा. आवर्तन सुटलं म्हणजे हेडला दार उघडलं. टेलच्या शेतकऱ्याला पाणी त्याच दिवशी मिळत नाही. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने, कुठेही न अडता वाहिलं असं धरलं, तरी २०८ किलोमीटरला जवळपास ५८ तास होतात. प्रत्यक्षात कोरडा कालवा आधी स्वतः पाणी पितो, भरतो, मग पुढे सोडतो. त्यामुळे वेळ आणखी लागतो.

समजा टेलला एक पहारेकरी बसवला. त्याला सांगितलं, २४ तासांत पाणी आलं नाही तर कालवा खराब आहे असं समज आणि हेडला फोन कर. हेडवाले दार बंद करणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडणार. पहारेकरी पुन्हा २४ तास मोजणार. टेलला पाणी कधी पोचेल? कधीच नाही! धरण भरलेलं, कालवा शाबूत, पहारेकरी आपल्या कामात चोख, आणि शेत कोरडं.

क्लस्टरमध्ये असे पहारेकरी खरंच असतात. कुबरनेटीस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. हजारो कंटेनर सांभाळणारी ही प्रणाली आज बऱ्याच मोठ्या कंपन्या वापरतात. त्यात लाइव्हनेस प्रोब नावाची तपासणी असते, "जिवंत आहेस का?" असं विचारणारी. वेगळं काही सांगितलं नाही तर ती दर १० सेकंदांनी विचारते, उत्तरासाठी १ सेकंद थांबते, आणि लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही की कंटेनर बंद करून नव्याने सुरू करते. साधारण अर्ध्या मिनिटाचा खेळ. ज्या ॲपला उठायलाच दोन मिनिटं लागतात त्याचं काय होणार, ते कालव्याच्या उदाहरणावरून कळलंच असेल. वारंवार मरणाऱ्या कंटेनरला कुबरनेटीस मग लांबत जाणारी शिक्षा देतं. पुढच्या सुरुवातीआधी १० सेकंद, मग २०, मग ४०, असं वाढत ५ मिनिटांपर्यंत. स्क्रीनवर "क्रॅश लूप बॅकऑफ" असं दिसतं आणि नवखा माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. कोडमध्ये काहीच नसतं.

यावर बरीच वर्षं एक जुगाड होता. "पहिली अमुक सेकंद विचारूच नकोस" असा ठोक आकडा टाकायचा. कमी टाकला तर वरचाच घोळ, जास्त टाकला तर खरंच मेलेला कंटेनर उगाच तेवढा वेळ पडून राहतो. मग स्टार्टअप प्रोब आला. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या १.२० आवृत्तीत तो पक्का झाला. कल्पना साधी आहे. सुरुवातीचा पहारेकरी वेगळा आणि रोजचा पहारेकरी वेगळा. सुरुवातीच्याला सांगायचं, दर १० सेकंदांनी विचार, ३० वेळा "नाही" आलं तरी चिडू नकोस. म्हणजे ५ मिनिटांची सवलत झाली. कंटेनर ४० सेकंदांत तयार झाला तर तो तिथेच बाजूला होतो आणि रोजचा कडक पहारेकरी कामाला लागतो. त्याच्या जोडीला रेडीनेस प्रोब असतो. तो कुणाला मारत नाही, फक्त लोड बॅलन्सरला सांगतो की याच्याकडे अजून माणसं पाठवू नका.

माझं स्पष्ट मत विचाराल तर या तिघांत सगळ्यात धोकादायक लाइव्हनेस प्रोब आहे. तो चांगल्या हेतूने लावला जातो आणि गर्दीच्या दिवशी दबलेल्या सर्व्हरला "उत्तर देत नाही" म्हणून मारतो. एक मेला की त्याचा भार उरलेल्यांवर. मग तेही उशीर करतात, तेही मारले जातात. दहा सर्व्हर एकामागून एक असे पडू शकतात, आणि पाडणारा आपलाच पहारेकरी असतो.

क्लस्टरच्या आतली भांडणं

आतापर्यंत बाहेरून बघणाऱ्याचं घड्याळ पाहिलं. क्लस्टरमधले सर्व्हर एकमेकांवरही लक्ष ठेवतात. प्रत्येक जण ठरावीक वेळाने "मी आहे" असा ठोका पाठवतो. ठोका चुकला की बाकीच्यांना ठरवावं लागतं, हा गेला की नेटवर्क अडखळलं?

चुकीचा निर्णय महागात पडतो. नेता सर्व्हर थोडा वेळ गप्प झाला, बाकीच्यांनी नवा नेता निवडला, आणि जुना परत आला की दोघेही हुकूम सोडायला लागले, तर डेटाची वाट लागते. म्हणून बहुमताचा नियम असतो. पाचांपैकी तिघे हजर असल्याशिवाय निवडणूक नाही. राफ्ट नावाची पद्धत यासाठी फार वापरली जाते. स्टॅनफर्डच्या डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहौट यांनी २०१४ साली ती मांडली. त्यात प्रत्येक सर्व्हर नेत्याची वाट १५० ते ३०० मिलिसेकंदांमधला कुठलातरी यादृच्छिक वेळ बघतो, असं उदाहरण दिलंय. यादृच्छिक का? सगळ्यांचं घड्याळ एकाच क्षणी वाजलं तर सगळेच उमेदवार उभे राहतील, मतं फुटतील आणि कुणीच निवडून येणार नाही. थोडं पुढं-मागं वाजलं की पहिला उठणारा सहसा जिंकतो. ही युक्ती पुढे पुन्हा भेटेल.

दुसरा प्रश्न डेटाच्या प्रतींचा. एक सर्व्हर गेला की त्याच्याकडच्या डेटाची नवी प्रत दुसरीकडे बनवायला लागते, आणि ते अवजड काम आहे. इलास्टिकसर्च ही शोधप्रणाली त्यासाठी मुद्दाम एक मिनिट थांबते. गेलेला परत आला तर सगळा खटाटोप वाचतो. हडूपची फाइल प्रणाली तर आणखी धीराची. ती मुळात साडेदहा मिनिटं वाट बघूनच सर्व्हर मेला असं मानते. शिवाय स्वतः सुरू होताना ती "सेफ मोड"मध्ये राहते. जवळपास सगळे डेटाचे तुकडे हजर असल्याचं कळेपर्यंत प्रती बनवायचं काम हातात घेत नाही. नाहीतर सकाळी शाळेची घंटा वाजताच, मुलं अजून गेटमधून येत असताना, गुरुजींनी गैरहजेरी लावून घरोघरी निरोप पाठवल्यासारखं व्हायचं.

सगळे एकदम धावले की

आता परत त्या निकालाच्या दिवसासारख्या गर्दीकडे येऊ. पान उघडलं नाही की आपण काय करतो? रिफ्रेश. पुन्हा रिफ्रेश. मोठ्या भावाच्या फोनवर, आईच्या फोनवर. एका विद्यार्थ्याच्या एका निकालासाठी पन्नास रिक्वेस्ट. गंमत अशी की तुम्ही रिफ्रेश मारलं तरी आधीची रिक्वेस्ट आत बहुतेक वेळा चालूच असते. सर्व्हर ते पान बनवतो, पाठवायला जातो, तर घ्यायला कुणी नाही. अशा वेळी सर्व्हर शंभर टक्के राबत असतो आणि त्यातलं बरंचसं काम थेट कचऱ्यात जातं.

माणसंच असं करतात असं नाही, सॉफ्टवेअरही करतं. ॲपने तीनदा प्रयत्न केला, मधल्या सर्व्हरने प्रत्येक प्रयत्नासाठी तीनदा, त्याच्या मागच्याने पुन्हा तीनदा. तुमच्या एका टॅपचे डेटाबेसवर २७ घाव. (जायकवाडीच्या धरणालाही २७च दरवाजे आहेत. योगायोग, पण मला आकडा त्यामुळेच लक्षात राहतो.)

पूर आला तरी ते २७ दरवाजे एकदम पूर्ण उघडत नाहीत. आधी काही दरवाजे अर्धा फूट, मग एक फूट, मग बाकीचे, आणि खालच्या गावांना इशारा. सर्व्हरच्या जगात हीच पद्धत दोन नावांनी ओळखली जाते. बॅकऑफ म्हणजे प्रत्येक अपयशानंतर दुप्पट थांबायचं, १ सेकंद, २, ४, ८. आणि जिटर म्हणजे त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळायचा. नुसता बॅकऑफ असला तर दहा लाख फोन ८ सेकंदांच्या थांब्यानंतर बरोबर एकत्र धडकतील. राफ्टमधली तीच युक्ती.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे साधारण नऊनंतर व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळं गेलं होतं, आठवतं? देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे त्यांच्या डेटा सेंटर्सना जोडणारं नेटवर्कच तुटलं. दुरुस्ती झाल्यावरही त्यांनी सगळं एकदम चालू केलं नाही. डेटा सेंटर्समधला विजेचा वापर कित्येक मेगावॉटने खाली गेला होता. तो झटक्यात परत वर गेला असता तर विजेच्या यंत्रणेपासून कॅशेपर्यंत सगळ्याला धोका होता. म्हणून भार हळूहळू चढवला.

त्याच महिन्याच्या शेवटी रोब्लॉक्स हा गेम सलग ७३ तास बंद होता. सर्व्हरना एकमेकांचा पत्ता सांगणारी यंत्रणाच गुदमरली होती. दोष सापडल्यावर कॅशे रिकाम्या होत्या, म्हणून त्यांनी आधी त्या भरल्या आणि मग खेळाडूंना साधारण दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांनी आत घेतलं. कोण आधी येणार हे यादृच्छिक. आणि अमेझॉनच्या क्लाउडमध्ये २५ नोव्हेंबर २०२० ला किनेसिस ही सेवा पडली, ती तर सर्व्हर वाढवल्यामुळे! तिथे पुढच्या फळीतला प्रत्येक सर्व्हर बाकीच्या प्रत्येकाशी बोलतो. नवे आले, बोलणी वाढली, आणि ऑपरेटिंग सिस्टमने घालून दिलेली थ्रेड्सची मर्यादा ओलांडली गेली. परत उभं करताना ताशी काही शे सर्व्हर एवढ्याच वेगाने जाता आलं, कारण उठणाऱ्या सर्व्हरलाही काम असतं आणि त्याच वेळी त्याच्याकडे माणसंही यायला लागतात. "अजून सर्व्हर लावा ना!" असं आपण कमेंटमध्ये सहज लिहितो. ते नेहमी उत्तर नसतं.

हातातल्या फोनवर आपण काय करायचं?

निकालाच्या दिवशी एक टॅब, एक फोन. पान फिरत असेल तर किमान एक मिनिट हात लावू नका, कारण पलीकडचं घड्याळ बऱ्याचदा ६० सेकंदांचं असतं. ५०३ किंवा ५०४ आलं तर दोन मिनिटांनी, मग पाच मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी. हा तुमचा स्वतःचा बॅकऑफ झाला. मंडळाचा निकाल अलीकडे एकापेक्षा जास्त अधिकृत साइट्सवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो. डिजिलॉकरचं खातं निकालाच्या सकाळी उघडत बसू नका, आठवडाभर आधी उघडून ठेवा. ओटीपीच्या रांगेतही तीच गर्दी असते.

पैशांच्या बाबतीत मात्र खरी सावधगिरी हवी. यूपीआयवर चक्र फिरत राहिलं आणि "पेंडिंग" आलं, की दुकानात मागे रांग असते, आपण गोंधळतो आणि पुन्हा पाठवतो. टाइमआउटचा अर्थ मघाशी काय पाहिला? कळलं नाही, एवढाच. पैसे गेलेले असू शकतात. आधी ॲपमधला व्यवहाराचा इतिहास बघा, बँकेचा मेसेज बघा, दुकानदाराला त्याचं ॲप बघायला सांगा. मगच दुसरा प्रयत्न. खात्यातून पैसे कापले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत ठरलेली आहे. माणसाकडून माणसाला पाठवलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रारीसाठी व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर लागतो, तो कॉपी करून ठेवा.

चांगली ॲप्स यावर एक छान उपाय करतात. तुम्ही "पैसे द्या" दाबलं की त्या व्यवहाराला एक पावती नंबर मिळतो, आणि पुन्हा प्रयत्न झाला तर तोच नंबर परत जातो. सर्व्हर बघतो, हा नंबर आधी आलाय, काम झालंय, मग फक्त जुनंच उत्तर परत देतो. दोनदा दाबलं तरी पैसे एकदाच. कॉलेजच्या प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना अशी सोय आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. म्हणून फी भरताना चक्र फिरलं तर ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबू नका. लॉगआउट करा, दहा मिनिटांनी परत लॉगिन करा आणि "पेमेंट स्टेटस" असं काही आहे का ते बघा.

फॉर्मची शेवटची तारीख असेल तर स्क्रीनशॉट घ्या, असा की त्यात वरची वेळ, पत्ता आणि एरर कोड तिन्ही दिसतील. "सर्व्हर डाऊन होता" असं नुसतं लिहिलेल्या अर्जापेक्षा "रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी ५०४, ९ वाजून ५५ ला पुन्हा ५०४" असं लिहिलेल्या अर्जात वजन असतं. पलीकडच्या इंजिनिअरला त्याच वेळेची नोंद आपल्या लॉगमध्ये शोधता येते.